दौलत बेग ओल्डीची धावपट्टी पुन्हा ओस पडता कामा नये

23 जुलै 1962 रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट जातीचे मालवाहू विमान दौलत बेग ओल्डीला उतरवले. लडाखच्या अगदी उत्तरेला, काराकोरम खिंडीच्या अलीकडे, 16,614 फुटांवर. धावपट्टी कसली, दाबून सपाट केलेली मातीच ती! या उंचीवर पॅकेटची दोन इंजिने पुरी पडत नसत, म्हणून विमानाच्या पाठीवर आणखी एक जेट इंजिन चढवलेले असे.

1965 नंतर तिथली ये-जा थांबली. 1966 च्या भूकंपाने जमीन भुसभुशीत झाली आणि पट्टी बंद पडली ती पडलीच. भूकंपाचे कारण खरे, पण ते 43 वर्षे पुरणारे नव्हते. खरी अडचण फायलींमध्ये होती.

हवाई दलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख असलेले एअर मार्शल प्रणवकुमार बारबोरा यांनी जुनी कागदपत्रे काढली, तेव्हा पट्टी सुरू करण्याचे प्रस्ताव आधी अनेकदा नाकारले गेल्याचे त्यांना दिसले. लेखी परवानगी मागितली तर पुन्हा नकारच येणार, हे ओळखून त्यांनी ती मागितलीच नाही. निवृत्तीनंतर मुलाखतींमध्ये त्यांनी हे उघड सांगितले. वरिष्ठांच्या कानावर घालून 31 मे 2008 रोजी ते स्वतः एएन-32 मध्ये बसले. विमान ग्रुप कॅप्टन एस. सी. चाफेकर यांच्या हाती होते. तिथे उतरल्यावर इंजिने बंद केली नाहीत. एकदा बंद केलेले इंजिन त्या विरळ हवेत पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती.

तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते. उतरताना विमानाचा जमिनीवरचा वेग नेहमीपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त असतो, म्हणजे थांबायला पट्टीही लांब लागते. उड्डाण करताना तर वजनाचा प्रत्येक किलो मोजून घ्यावा लागतो. हे कसब पुस्तकातून येत नाही. वैमानिकांचा हात सतत चालता राहावा लागतो. 43 वर्षांच्या खंडात देशाने काय गमावले, ते इथे कळते.

एप्रिल 2013 मध्ये जवळच्याच देपसांग पठारावर चिनी सैनिकांनी तंबू ठोकले आणि ते तीन आठवडे हलले नाहीत. त्याच वर्षी 20 ऑगस्टला सी-130जे सुपर हर्क्युलिस दौलत बेग ओल्डीला उतरले. 2008 चे धाडस झाले नसते, तर ही तयारी शून्यापासून करावी लागली असती.

या पट्टीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे. ती प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दहा किलोमीटरच्या आत आहे. लढाई पेटली तर तोफांच्या माऱ्यात येईल. लढाऊ विमानांचा तळ म्हणून तिचा विचार करूच नये. पण तिचे काम शांततेच्या काळातले आहे: रसद पोहोचवणे, तुकड्या बदलणे, फुप्फुसात पाणी झालेल्या जवानाला तासाभरात लेहच्या इस्पितळात आणणे. दरबुकहून येणारा 255 किलोमीटरचा रस्ता आता झाला आहे, तरी अशा रुग्णाला तो फार लांबचा आहे.

लढाऊ विमानांसाठी सिंधूकाठचे न्योमा आहे. 13,700 फुटांवरच्या तिथल्या कच्च्या पट्टीवर 2009 मध्ये एएन-32 उतरले होते. आता तिथे 2.7 किलोमीटरची पक्की धावपट्टी झाली आहे. न्योमा झाले म्हणून दौलत बेग ओल्डीकडे दुर्लक्ष होण्याचा धोका मात्र खरा आहे. सीमेवरचा तणाव निवळला की अशा ठिकाणचा खर्च आधी नजरेत भरतो. तिथली माती दर मोसमात दाबून घ्यावी लागते, इंधनाचा साठा ठेवावा लागतो, वैमानिकांच्या नव्या तुकड्यांचा सराव करून घ्यावा लागतो. यासाठी संरक्षण खात्याने दरवर्षी ठरावीक तरतूद ठेवावी आणि तिथली उड्डाणे दिल्ली-बीजिंग बोलण्यांच्या चढउतारांवर सोडू नयेत.