कठड्याच्या अलीकडचे

अपंगांना आधी शाळा द्या, नोकरी द्या, औषधपाणी द्या. प्राणिबागेचे मग पाहू, असे सांगणारे सद्गृहस्थ मला नेहमी भेटतात. बोलणे मोठे व्यवहारी वाटते. पण हेच गृहस्थ मुलांना सुट्टी लागली की डबे बांधून सहकुटुंब राणीच्या बागेत जातात. तेव्हा वाघ पाहणे ही त्यांना चैन वाटत नाही. चैन ठरते ती दुसऱ्याच्या मुलाची!

मी मॅट्रिक झालेला मास्तर. वर्षानुवर्षे सहली नेतो आहे. सहल हे शिक्षणच होय, असे आम्ही पालकसभेत छातीठोकपणे सांगतो. मग पायांत कॅलिपर घातलेल्या पोराने ते शिक्षण घरी बसून घ्यावयाचे काय?

आता प्राणी कसे दाखवतात ते पाहा. १९०७ साली कार्ल हागेनबेक याने हॅम्बुर्गजवळच्या आपल्या बागेत गज काढून टाकले आणि प्राणी व माणूस यांच्यामध्ये खंदक ठेवला. प्राण्याला मोकळे वाटले. फार उत्तम झाले. पण खंदक आला की कठडा आला. उभ्या माणसाला वाघ दिसतो, लहान पोराला बाप खांद्यावर घेतो. चाकाच्या खुर्चीतल्या बारा वर्षांच्या मुलीला कोण खांद्यावर घेणार? तिला दिसतो कठड्याचा गिलावा. तेवढ्या जागी जाड काच बसवली तर भागते, पण ते सुचावयास कोणीतरी एकदा खाली बसून पाहिले पाहिजे.

उताराचेही तेच. एक फूट चढावयाचे तर बारा फूट लांब उतार हवा, इतका सोपा हिशेब. एका शहरातल्या प्राणिसंग्रहालयात (नाव सांगत नाही) ‘दिव्यांगांसाठी सोय’ अशी झोकदार पाटी होती. उतार इतका उभा की मी आणि शिपाई मिळून खुर्ची ढकलीत होतो, आणि तो संपला तिथे पुढे एक पायरी! विचारले तर उत्तर मिळाले, “पावसाचे पाणी आत येते ना, गुरुजी.” शौचालयाचे दार खुर्चीहून अरुंद. पोरगी सकाळपासून पाणी प्यायली नव्हती, हे तिच्या आईने मागाहून सांगितले. असे काही होणार हे त्या माउलीला घरूनच ठाऊक होते.

२०१७ साली राणीच्या बागेचे तिकीट वाढले, तेव्हा आईबाप आणि दोन मुले यांचे मिळून १०० रुपये ठरले. आजी या हिशेबात नाही, ते असो. बाग कोणतीही घ्या. वाट अडली की तिकीट चौघांचे आणि वाघापाशी पोहोचतात दोघे. एका मुलाजवळ आई फाटकालगतच्या बाकावर डबे राखीत बसते. याला सहकुटुंब म्हणावयाचे!

कायदा नाही म्हणावे तर तोही आहे. २०१६ च्या कायद्याने करमणुकीच्या इमारतीही सार्वजनिक इमारतींत धरल्या. नियम जून २०१७ मध्ये निघाले. जुन्या इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच सरली. सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले. आणि २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांवर अपंग माणसे मोजली गेली.

पैसा नाही म्हणता? २०१६ साली राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आले. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी. त्याला भायखळ्याचा उकाडा सोसणार नाही, म्हणून थंड हवा, थंड पाणी केले. योग्यच केले. पाहुण्याला काय मानवते ते आधी विचारले, मग घर बांधले. फाटकातून येणाऱ्या माणसाला ही रीत का नाही?

यंदा सहलीचे ठिकाण ठरवण्याआधी मी तीन बागांना तीन प्रश्न लिहून पाठवले: कठडा किती उंच, उतार किती लांब, शौचालयाचे दार किती रुंद? दोघांकडून उत्तर नाही. तिसऱ्यांनी चौकीदाराकरवी मोजून कळवले आहे. दार दोन बोटे कमी पडते, दिवाळीनंतर बदलतो म्हणतात. डिसेंबरात टेप घेऊनच जाणार आहे.