'मीर': तह, गाव आणि जग

टॉल्स्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'विषयी साहित्याच्या विद्यार्थ्यांत एक गोष्ट अधूनमधून सांगितली जाते. कादंबरीच्या मूळ नावातील 'मीर' या शब्दाचा अर्थ शांती नसून जग किंवा समाज असा आहे. जुन्या रशियन लेखनात हे दोन अर्थ वेगळ्या अक्षरांनी दाखवले जात. क्रांतीनंतर लेखन सुधारले, भेद पुसला गेला आणि साऱ्या जगाने या कादंबरीचे नाव चुकीचे वाचले. गोष्ट इतकी देखणी आहे की तपासून पाहण्याची इच्छाच होत नाही. तपासली तर मात्र ती टिकत नाही.

तिच्यातला अर्धा भाग खरा आहे. जुन्या रशियन वर्णमालेत 'इ' या एकाच ध्वनीसाठी दोन अक्षरे होती. त्यांच्या अंकमूल्यांवरून एकाला 'आठाचा इ' म्हणत आणि दुसऱ्याला, म्हणजे डोक्यावर टिंब असलेल्या उभ्या काडीला, 'दहाचा इ' म्हणत. शांती या अर्थाचा 'मीर' आठाच्या 'इ'ने आणि जग या अर्थाचा 'मीर' दहाच्या 'इ'ने लिहावा, असा संकेत होता. उच्चारात तिळमात्र फरक नव्हता. १९१८ च्या लेखनसुधारणेने दहाचा 'इ' निकालात काढला आणि दोन्ही शब्द एकसारखे दिसू लागले. पण १८६८ साली कादंबरीचे पहिले खंड पुस्तकरूपाने निघाले तेव्हा मुखपृष्ठावर आठाचाच 'इ' होता. प्रूदाँचे 'युद्ध आणि शांती' याच नावाचे फ्रेंच पुस्तक १८६१ साली प्रसिद्ध झाले होते आणि त्याच वर्षी टॉल्स्टॉय प्रूदाँला ब्रसेल्समध्ये भेटला होता. तेव्हा शीर्षकापुरता प्रश्न मिटलेला आहे. गैरसमजाला खतपाणी मिळाले ते नंतर. १९१३ च्या एका आवृत्तीत एका ठिकाणी दहाचा 'इ' पडला, आणि पुढे मायकोव्हस्कीने आपल्या दीर्घकवितेला हेच नाव देताना तो जाणूनबुजून वापरला. त्याला 'युद्ध आणि जग' असेच म्हणायचे होते.

एवढ्यावर थांबता आले असते. परंतु कादंबरीतच एक प्रसंग असा आहे की तो वाचल्यावर त्या खोट्या गोष्टीविषयीही थोडी सहानुभूती वाटू लागते. १८१२ चा उन्हाळा आहे, नेपोलियन रशियात शिरला आहे आणि आजारातून उठलेली नताशा मॉस्कोतील एका प्रार्थनामंदिरात उभी आहे. उपासनेचा आरंभ 'मीरोम्'ने होतो. मूळ ग्रीक प्रार्थनेप्रमाणे त्याचा अर्थ 'शांत चित्ताने प्रभूची प्रार्थना करू या' असा आहे. नताशाला मात्र वेगळेच ऐकू येते. सगळे मिळून, उच्चनीच न मानता, वैर न धरता, बंधुभावाने एक होऊन प्रार्थना करू या, असा अर्थ ती मनाशी लावते. पाद्र्याने उच्चारला तो एक शब्द आणि तिने ऐकला तो दुसरा. अक्षरातला भेद कानाला कळत नाही, हे टॉल्स्टॉयने नेमके हेरले आहे. शीर्षकात दुसरा अर्थ कोंबण्याची काहीच गरज नाही. तो या दारातून कादंबरीत येतो, आणि एका पात्राच्या चुकीच्या ऐकण्यातून येतो म्हणूनच तो अधिक बोलका आहे.

नताशाच्या कानातला हा 'मीर' खेड्यातला आहे. रशियन शेतकऱ्यांच्या ग्रामसमूहाला 'मीर' म्हणत. जमीन समूहाची, तिचे वाटप ठराविक काळाने पुन्हा होई, आणि कर भरण्याची जबाबदारीही साऱ्यांची मिळून. १८६१ साली भूदासप्रथा संपली तेव्हा जमीन बहुतेक ठिकाणी एकेकट्या शेतकऱ्याला नव्हे तर या समूहाला मिळाली आणि तिच्या मोबदल्याचे हप्तेही समूहाच्याच मानेवर बसले. १९०६ च्या स्टोलिपिनच्या सुधारणांनी त्यातून बाहेर पडण्याची वाट मोकळी केली. 'मीराकडून एकेक धागा घेतला की उघड्याला सदरा होतो' ही रशियन म्हण याच व्यवस्थेतली. आमच्याकडे 'गाव करी ते राव न करी' असे म्हणताना 'गाव' हा शब्द जसा घरांविषयी नसून माणसांविषयी असतो, तसेच हे आहे.

आता व्युत्पत्तीकडे. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस यांनी ग्रीक धर्मग्रंथ स्लाव्ह भाषेत आणण्यास आरंभ केला, आणि त्या परंपरेतील भाषांतरांत शांतीसाठीच्या आणि जगासाठीच्या अशा दोन वेगळ्या ग्रीक शब्दांना 'मीर' हा एकच प्रतिशब्द आढळतो. दोन्ही अर्थ एकाच शब्दाचे आहेत, यावर अभ्यासकांचे साधारण एकमत आहे. आधी सलोखा, मग सलोख्याने राहणारी माणसे, मग माणसांनी भरलेले जग, असा हा प्रवास मानला जातो. लिथुआनियन आणि लाट्व्हियन भाषांत याचे सगोत्र शब्द शांतीच्याच अर्थाचे आहेत. आणि अनेक अभ्यासक याचे नाते आपल्या 'मित्र' शब्दाशी जोडतात. कोणी दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले मानतात, तर कोणी 'मीर' हा इराणी 'मिहिर'कडून उसना आला असे म्हणतात. (उर्दूतल्या 'मीर'चा मात्र येथे काही संबंध नाही, तो अरबी 'अमीर'चा संक्षेप आहे.) वैदिक मित्र म्हणजे मूर्तिमंत करार, असे आंत्वान मेये याने १९०७ साली मांडले. इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातील हित्ती आणि मितन्नी राजांच्या तहात मित्र-वरुणांना साक्षीला बोलावले आहे, हे येथे आठवावे.

या अंगाने पाहिले तर आमच्या 'शांती'त काहीतरी कमी पडते. 'शम्' म्हणजे निवणे, विझणे. शांती ही अंतरात असते, एकट्यालाही मिळते. रशियनमध्ये त्या निवण्याला 'पकोय' हा निराळा शब्द आहे. 'मीर' दोघांशिवाय होत नाही; तो 'करावा' लागतो, जसा तह करतात. 'सलोखा' हा शब्द त्याच्या अधिक जवळचा आहे, असे आम्हांस वाटते. 'युद्ध आणि सलोखा' असे नाव कोणी स्वीकारणार नाही, हेही आम्ही जाणतो.

एवढी चर्चा झाल्यावर मोह होतो तो असा की, 'मीर' हा साऱ्या स्लाव्ह भाषांचा शब्द, म्हणून त्याचा अर्थही साऱ्यांचा एकच. येथे सावध राहावे. युक्रेनियनमध्ये 'मिर' म्हणजे केवळ शांती, जगासाठी 'स्वित'. चेकमध्ये 'मीर' आणि 'स्व्येत', बल्गेरियन आणि सर्बियनमध्येही तसाच भेद. पोलिशमध्ये 'मिर' लोकांच्या मनातील आदर या अर्थाने उरला आहे आणि शांतीला म्हणतात 'पोकुय', जो खोलीसाठीचाही शब्द आहे. जगासाठीच्या त्या दुसऱ्या शब्दाचे मूळ प्रकाशात आहे. तो संस्कृत 'श्वेत'चा नातलग. जे उजेडात दिसते ते जग. सर्बियनमध्ये तर 'स्वेत' म्हणजे माणसांची गर्दीही. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. 'लोक' या शब्दाच्या मुळाशीही उजेड आहे, मोकळी जागा आहे. संस्कृतात त्याचे जग झाले आणि मराठीत तो चारचौघांवर उतरला.

सोव्हिएत काळात रशियनमधल्या दुहेरी अर्थाची चलती होती. 'मीरू मीर', म्हणजे 'जगाला शांती', ही घोषणा भिंतीभिंतींवर असे. १९८६ साली अवकाशात गेलेल्या स्थानकाचे नाव 'मीर', आणि ज्याच्या इरोडॉव्ह-संग्रहाने आमच्याकडील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची झोप उडवली ते मॉस्कोचे प्रकाशनगृहही 'मीर'. तेथे श्लेष निरुपद्रवी होता. २००७ साली रशियन सरकारने 'रुस्की मीर' नावाचे प्रतिष्ठान स्थापले ते भाषाप्रसारासाठी. पण त्या दोन शब्दांचा व्याप हळूहळू वाढत गेला, आणि २०१४ मध्ये क्रिमिया घेतला गेला व २०२२ मध्ये युक्रेनवर चढाई झाली तेव्हा 'रशियन जग' ही सीमा ओलांडण्याची सबब बनली होती. युक्रेनियन लेखक या शब्दप्रयोगाचे भाषांतर करीत नाहीत. 'स्वित' न वापरता रशियन उच्चार जसाच्या तसा आपल्या लिपीत उतरवतात. त्यांच्या भाषेत ज्याचा अर्थ शांतीच आहे तो शब्द त्यांना त्या वाक्यात नको आहे.

म्हणून 'मूळ एक, म्हणून माणसे एक' असा युक्तिवाद व्युत्पत्तीच्या आधारे कोणी करू लागला तर भाषेच्या अभ्यासकाने त्याला अडवले पाहिजे. व्लादिमीर या नावाचेच पाहा. 'जगाचा स्वामी' असा त्याचा अर्थ सर्रास दिला जातो. जुन्या लेखनात त्याचे शेवटचे पद 'मेर' असे होते, अर्थ थोर किंवा ख्यातनाम. 'मीर' ही नंतरच्या लोकव्युत्पत्तीची भर आहे. हेच नाव युक्रेनियनमध्ये वोलोदिमिर होते, आणि या युद्धात दोन्ही बाजूंच्या राष्ट्राध्यक्षांचे नाव तेच आहे. नाव एक असल्याने काही मिटलेले नाही.

मराठी अनुवादकाने शीर्षकाला हात लावू नये, असे आमचे मत आहे. नताशाच्या प्रसंगापाशी मात्र एक तळटीप हवी, आणि ती 'मूळ शब्दाचे दोन अर्थ होतात' एवढ्यावर संपू नये. कोणी काय म्हटले आणि कोणी काय ऐकले, हे तिने सांगावे.