मागणीचे नियमन : बटण कोणाच्या हाती?

पुरवठा अपुरा पडू लागला की प्रशासनाला दोनच उपाय सुचतात : पुरवठा वाढविणे, किंवा तो काही तास बंद करणे. ग्राहकाची मागणी ही समजून घेण्याची गोष्ट आहे, हा विचार आपल्या कचेऱ्यांत उशिरा शिरला आणि अजून पुरता रुजलेला नाही.

थंड देशांचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तेथे अनेक शहरांत एका मध्यवर्ती केंद्रात पाणी तापवून ते जमिनीखालच्या नळांतून घरोघर खेळवितात. साम्यवादी राजवटीत पूर्व युरोपात या उष्णतेची आकारणी घराच्या क्षेत्रफळावर होत असे. बहुतेक घरांत ना मीटर, ना उष्णता कमी करण्याची झडप. खोली फार तापली, तर लोक भर हिवाळ्यात खिडकी उघडीत. १९९० नंतर पोलंडने इमारतींना मीटर आणि खोल्यांना झडपा बसविण्यास आरंभ केला, तेव्हा तीच माणसे काटकसर करू लागली. डेन्मार्कमध्ये तर घरातून परत येणारे पाणी जितके थंड, तितकी बिलात सूट, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. कारण पाणी थंड होऊन परतले, म्हणजे ग्राहकाने त्यातील उष्णता पुरती वापरली.

आता आपल्याकडे वळू. तंजावरच्या मराठी राजांमुळे आपल्याला परिचित असलेल्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कुंभकोणमजवळ आडुतुरै हे गाव आहे. १९२२ पासून तेथे भातसंशोधन चालते, ‘ए.डी.टी.’ या अक्षरांनी सुरू होणारे भाताचे वाण तेथलेच. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटते. पण ते वेळेवर सुटेलच असे नाही. म्हणून ‘कुरुवै’ हंगामाची रोपे कूपनलिकेच्या पाण्यावर वाढविली जातात. त्या पंपांना लागणारी वीज तामिळनाडूत लहान शेतकऱ्यांना १९८४ पासून आणि सर्व शेतकऱ्यांना १९९० पासून मोफत आहे.

वीज मोफत असली, तरी ती अमर्याद देता येत नाही. किमतीने मागणी आवरली जात नसेल, तर ती तासांनी आवरावी लागते. देशात ठिकठिकाणी शेतीपंपांना ठरावीक तासच वीज मिळत आली, ती यामुळेच. त्यावर शेतकऱ्याने शोधलेला उपाय महाराष्ट्रातही सर्वांना ठाऊक आहे : ऑटो स्विच. वीज आली की पंप आपोआप सुरू, मग पिकाला पाणी हवे असो वा नसो. सारे पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि रोहित्र जळते. पूर्व युरोपातील उघडी खिडकी ती हीच. दोष माणसाचा नाही. नियमनाचे बटण त्याच्या हाती दिलेलेच नाही.

वस्तुतः भाताला सदैव साचलेले पाणी लागत नाही. शेतात छिद्रे पाडलेली नळी पुरावी, तिच्यातील पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरली की पुन्हा पाणी द्यावे, फुलोऱ्यात मात्र पाणी राखावे. ही पद्धत आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेने विकसित केली असून तिने सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते. ज्ञान आहे, नळीही स्वस्त आहे. परंतु वाचविलेल्या पाण्याचा वा विजेचा एक पैसाही ज्याच्या पदरी पडत नाही, त्याने ती नळी रोज का पाहावी?

यावर ‘मीटर बसवा’ हे उत्तर सोपे आहे. पण शेतकऱ्याला मीटर म्हणजे उद्याचे बिल वाटते, आणि त्याची शंका निराधार नाही. महाराष्ट्रात २००४ च्या निवडणुकीपूर्वी मोफत वीज जाहीर झाली आणि २००५ मध्ये ती बंद झाली. आता २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना ती पुन्हा मोफत आहे. शब्द असा फिरत असेल, तर मीटरवर विश्वास बसणार कसा?

म्हणून माझे मत असे की, अनुदान काढू नये. त्याचे रूप बदलावे. पंजाबने २०१८ मध्ये काही फीडरांवर हा प्रयोग आरंभिला : शेतकऱ्याला विजेचा कोटा ठरवून द्यायचा आणि त्यातून वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे चार रुपये त्याच्या खात्यात जमा करायचे. यात मीटर बिलाचे नव्हे, कमाईचे साधन होते. महाराष्ट्रातही भारनियमनाच्या काळात ‘अक्षय प्रकाश’ योजनेत अनेक गावांनी सायंकाळी पंप बंद ठेवण्याचे स्वतःहून ठरविले. त्या बदल्यात घरात दिवे राहिले.

या दोन्ही ठिकाणी संयमाचे फळ संयम करणाऱ्याच्याच हाती पडले. मागणीच्या नियमनाला मोजमाप हवे, नियंत्रण हवे आणि मोबदला हवा. यांतील एकही नसेल, तर उपकेंद्रातले बटण तेवढे उरते. ते दाबणे सोपे असते, पण त्याला व्यवस्थापन म्हणता येत नाही.