नामशेष ठरलेलें झाड

बाभूळ, बोर आणि लिंब यांची ओळख नसलेला मुलगा आमच्या चकलांब्यांत सांपडणें कठीण. मोह मात्र पुष्कळांनीं पुस्तकांतच पाहिला असेल. त्या मोहाच्या एका भाऊबंदाविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील डॉक्टर रॉबर्ट वाइट यांनीं १८३५ सालीं दक्षिण हिंदुस्थानांत या झाडाचे नमुने गोळा केले. शास्त्रीय ग्रंथांत तें 'मधुका डिप्लोस्टेमॉन' या नांवानें नोंदलें गेलें. नमुने कागदावर राहिले; झाड मात्र पुढें कोणा शास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडेना, आणि तें नामशेष झालें असें समजण्यांत आलें. शेवटीं २०२० सालीं केरळांतील पालोड येथील वनस्पति उद्यानाच्या संशोधकांना तें कोल्लम जिल्ह्यांत, एका शिवमंदिराच्या देवराईंत उभें असलेलें आढळलें. त्या वेळीं दिसलें तें एकच! मल्याळींत त्यास 'काविलिप्पा' म्हणतात. 'काव' म्हणजे देवराई, 'इलिप्पा' म्हणजे मोह.

झाड 'सांपडलें' असें सर्वत्र छापून आलें. आम्हांस हा शब्द तितकासा रुचत नाहीं. तें हरवलें कधीं होतें? देवदर्शनास येणाऱ्यांनीं त्याच्या सावलींत विसांवा घेतलाच असेल. परंतु हेंही खरें कीं, जाणते लोक तेथें गेले नसते, तर एखाद्या जीर्णोद्धाराच्या वेळीं तें तोडलें जातें आणि आपण काय तोडलें याची कोणास दादही लागती ना. केवळ देवाच्या धाकानें राखलेलें झाड, धाक ओसरला कीं उघडें पडतें. आपल्या महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतर केला; पण गांवोगांवच्या एकट्यादुकट्या झाडांची नोंद कोणीं ठेवावी?

त्याच २०२० सालच्या फेब्रुवारींत बीडजवळ पालवण येथें सह्याद्री देवराईंत वृक्षसंमेलन भरलें होतें. लावलेली देवराईही आम्हांस प्रिय आहे. तथापि लावतांना आपण ओळखीचींच झाडें लावतों. ज्याचें नांवच ठाऊक नाहीं, त्याचें बीं कोण आणणार?

म्हणून ओढ्याकांठीं किंवा देवळामागें जें जुनें झाड असेल, त्याचें नांव घरच्या आजोबांस विचारून बालमित्रांनीं वहींत टिपावें. आजोबांसही तें सांगतां आलें नाहीं, तर त्याचें एक पान व फूल कागदांत दाबून ठेवावें. वाइटसाहेबांनीं तरी दुसरें काय केलें होतें?