सक्ती करा, पण दुसऱ्यावर

परवा लंचला पुन्हा तोच विषय निघाला. कॅन्टीनच्या टीव्हीवर सीमेवरची काहीतरी बातमी चालू होती. टीममधला एक सीनियर पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "आपल्याकडे ना, इस्रायलसारखं पाहिजे. अठरा पूर्ण झाली की दोन वर्षं आर्मी कंपल्सरी. सगळी पोरं सुतासारखी सरळ होतील." टेबलावरच्या सहापैकी पाच माना डोलल्या. सहावी माझी. मी ताक पीत होतो, म्हणून वाचलो.

पण विषय डोक्यातून जाईना. तेव्हा हा शनिवार त्याच्या नावे.

इंजिनीयर आहोत, तर आधी आकडेमोड करू. भारतात दरवर्षी अठरा वर्षांचे होणारे मुलगे ढोबळमानाने सव्वा कोटी. (मुली का वगळल्या, हा प्रश्न टेबलावर कुणी विचारला नाही. असो.) सेवा दोन वर्षांची, म्हणजे कुठल्याही दिवशी अडीच कोटी पोरं गणवेशात. आज आपली तिन्ही दलं मिळून साधारण चौदा लाख माणसं आहेत. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरले, तोच हिशोब लावला तर वर्षाचे झाले नऊ लाख कोटी. आणि २०२५-२६ चं आपलं अख्खं संरक्षण बजेट होतं ६.८१ लाख कोटी, त्यातले सुमारे १.६ लाख कोटी पेन्शनचे. थोडक्यात, बूट, बंदूक, बराक आणि वरणभात यांचा खर्च न धरताच आपण दिवाळखोर!

"मग पगार कमी द्या," हे उत्तर मला माहीत आहे. बऱ्याच देशांत तसंच चालतं. पण मग ती फुकट सेवा नसते, तो फक्त तरुणांवर लावलेला कर असतो. आपल्या राज्यघटनेतलं कलम २३ वेठबिगारीला बंदी करतं आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सरकारला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभाही देतं. अट एकच: धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करायचा नाही. म्हणजे कायद्याने हे अशक्य नाही. गोची आहे ती त्या 'वर्ग' या शब्दात.

कारण सक्ती कागदावर सगळ्यांवर असते, पण प्रत्यक्षात ती खाली झिरपत जाते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेत कॉलेजात शिकणाऱ्यांना सवलत होती. ज्याच्या बापाकडे फी होती, त्याचं बोलावणं पुढे ढकललं जायचं. १९६९ मध्ये लॉटरी आणली ती बऱ्याच अंशी हीच बोंब झाल्यामुळे. लंच टेबलाचं लाडकं इस्रायल घ्या. तिथे १९४८ साली सुमारे चारशे धार्मिक विद्यार्थ्यांना दिलेली सूट २०२४ पर्यंत साठ हजारांच्या वर गेली होती. त्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की यांनाही भरती करा, तर त्यावरून सरकार हलायची वेळ आली.

आणि आता आपल्या धंद्याची गोष्ट. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने तीन लाख राखीव सैनिकांना युद्धासाठी बोलावलं. दोन-तीन दिवसांत सूट मिळणाऱ्यांची यादी आली. त्यात बँकवाले, माध्यमवाले आणि... आयटीवाले! देशासाठी अत्यावश्यक म्हणे. आपल्याकडे उद्या सक्ती आली तर पहिलं निवेदन कोण देईल, हे सांगायला ज्योतिषी नको. "आम्ही परकीय चलन आणतो" हे वाक्य तयारच आहे.

मग जाणार कोण? तर ज्याच्याकडे निवेदन लिहायला कुणी नाही तो. पण गंमत अशी की त्याच्यावर सक्ती करायची गरजच नाही. तो आधीच रांगेत उभा आहे.

माझा मामेभाऊ सातारा जिल्ह्यात असतो. बारावीनंतर तीन वर्षं पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळायचा. १.६ किलोमीटरचं टायमिंग सेकंदांत सांगायचा, जसे आपण पॅकेज सांगतो. एकदा ग्राउंड निघालं, मेडिकलला कानात काहीतरी दाखवून बाहेर काढलं. ऑपरेशन करून घेतलं, पुन्हा तयारी. मग कोविड आला. दोन वर्षं आर्मीची भरतीच झाली नाही. २०२२ मध्ये अग्निपथ आली, तेव्हा त्या वर्षापुरती वयोमर्यादा तेवीस केली. हा काही महिन्यांनी मोठा निघाला. संपला विषय. आता तो एका गोदामाच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. गणवेश मिळाला, एवढंच.

तो एकटा नाही. त्याच वर्षी हवाई दलाने अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीसाठी अर्ज मागवले. जागा होत्या तीन हजारांच्या आसपास, अर्ज आले ७,४९,८९९. एका जागेला अडीचशे! ज्या देशात अशी रांग लागते, तिथे "पोरांना सक्तीने पाठवा" म्हणणाऱ्याने ती रांग कधी पाहिलेलीच नाही. आपल्याला माणसं कमी पडत नाहीत, त्यांना नीट घेऊन नीट ठेवायला पैसा कमी पडतो. चार वर्षांनी शंभरातल्या पंचाहत्तरांना घरी पाठवायची योजना आपण आणली ती काही पोरं येत नाहीत म्हणून नाही.

आता समोरच्याची बाजू, कारण ती अगदीच पोकळ नाही. फिनलंडची लोकसंख्या छप्पन्न लाख आणि रशियाशी सीमा १,३४० किलोमीटर. त्यांनी सक्ती कधीच सोडली नाही, आणि त्यांच्या जागी मीही सोडली नसती. स्वीडनने २०१० मध्ये बंद केलेली २०१७ मध्ये परत आणायचं ठरवलं. त्यांना माणसं खरंच कमी आहेत. दुसरा मुद्दा जास्त वजनाचा: पुढाऱ्यांची आणि पैसेवाल्यांची पोरंही आघाडीवर जाणार असतील, तर युद्ध पुकारताना हात थरथरेल. ऐकायला पटतं. पण व्हिएतनाममध्ये सक्ती असूनही ५८,००० अमेरिकन मेले आणि सक्ती संपायला १९७३ उजाडलं. रशियात तर ती आजही आहे, कुणाचा हात थरथरला?

एवढं बोललं की दुसऱ्या टोकाचा शिक्का बसतो. "म्हणजे तू निःशस्त्रीकरणवाला! शस्त्रं समुद्रात टाकायची का?" नाही हो. ती घोषणाही सक्तीसारखीच आळशी आहे. दोन्हीत तपशील नाहीत. खरं निःशस्त्रीकरण फार कंटाळवाणं असतं. त्यात मोजणी असते, याद्या असतात, तपासनीस असतात. भारताने १९९७ मध्ये आपल्याकडे रासायनिक अस्त्रं असल्याचं जाहीर केलं आणि २००९ पर्यंत जाहीर केलेला सगळा साठा आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नष्ट केला. टेबलावर किती जणांना माहीत होतं? शून्य. (मलाही कॉलेजपर्यंत नव्हतं.) १९८८ मध्ये भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघं आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. मध्ये कारगिल झालं, २०१९ झालं, यादी चुकली नाही.

हे करार तुटतातही. २०२५ मध्ये लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड या पाच देशांनी भूसुरुंगबंदीच्या करारातून बाहेर पडायचं ठरवलं. शेजारी रशिया असताना मी त्यांना भाबडेपणाचा उपदेश करणार नाही. (आपण तर त्या करारावर सहीच केलेली नाही.) पण टिकलेला प्रत्येक करार म्हणजे न पेरलेले सुरुंग, आणि न पेरलेल्या सुरुंगावर कुणाचा पाय पडत नाही. अडीच कोटी पोरांना परेड शिकवण्यापेक्षा ही सुरक्षा मला स्वस्त वाटते.

राहता राहिली शिस्त. पोरं सरळ करायची असतील तर सिग्नल पाळायला शिकवा, आर्मी कशाला? जवान सीमा सांभाळायला असतो, आपली कार्टी वळणावर आणायला नाही.

शेवटी एक केलं. पदवी आणि नोकरी असलेल्या माणसाला बेचाळीस वर्षांपर्यंत टेरिटोरियल आर्मीत अधिकारी म्हणून अर्ज करता येतो, नोकरी सांभाळून. लंचनंतर टीमच्या ग्रुपवर मी त्याची लिंक टाकली. दोन अंगठे आले, एक तिरंगा आला, आणि मग कुणीतरी शुक्रवारच्या रिलीजचा विषय काढला.

अर्ज कुणी भरला नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. फक्त मी दुसऱ्याच्या पोराला पाठवा असं म्हणत नाही, एवढाच फरक.