पाणगवतात न अडकणारा गळ

चांदवडच्या डोंगररांगेखालील लहानमोठ्या तलावांच्या आणि दरसवाडीच्या जलाशयाच्या काठी पावसाळा सरल्यावर जी तरुण मंडळी गळ टाकून बसतात, त्यांच्या छंदास माझा यत्किंचितही विरोध नाही. विरोध आहे तो त्यांच्या मागे पाण्यात राहून जाणाऱ्या तंगुसास. शिशाचे वजन लावलेला उघड्या अणीचा गळ पाणगवतात रुतला, की तो सहसा सुटत नाही. अखेर तंगूस तोडावा लागतो, आणि तो नायलॉनचा धागा वर्षानुवर्षे न कुजता तेथेच पडून राहून पाणकोंबड्यांच्या आणि चांदव्यांच्या पायांत गुरफटतो. ज्या नांदूर मधमेश्वरास महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून जानेवारी २०२० मध्ये मान्यता जाहीर झाली, ते शेजारच्याच निफाड तालुक्यात आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो घरच्या घरी करता येतो: फोमची तरंगती, गवतात न अडकणारी माशी, म्हणजे गळावरच बांधलेले कृत्रिम आमिष. आपल्या तलावांतील मरळ हा मासा पाण्यातील प्राणवायूवरच अवलंबून नसतो, तो हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येतो आणि गवताच्या फटींत दबा धरून बेडूक टिपतो. तेव्हा त्याच्यासाठी आमिष तळाशी सोडण्याचे प्रयोजनच उरत नाही.

माशी बांधताना गळाच्या दांड्यावर प्रथम दोऱ्याचे दाट वेढे द्यावेत, कारण गुळगुळीत पोलादावर फोम ठरत नाही, तो गरगर फिरतो. त्यानंतर बाकाशी जाड तंगुसाचा एक तुकडा बांधून मागे लोंबता ठेवावा. शेपटीसाठी परदेशी पुस्तके हरणाचे केस सांगतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते आपणांस वर्ज्य आहेत, आणि त्यांची गरजही नाही, बोकडाचे केस उत्तम चालतात. मग दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या, शाळकरी मुलांच्या हस्तकलेसाठी मिळणाऱ्या फोमची पट्टी बाकाशी बांधून पुढे दुमडावी आणि नाक्यामागे आवळावी. येथे हात सांभाळावा लागतो: पहिले दोन वेढे सैल, पुढचे क्रमाने घट्ट, एकदम ताण दिला तर बारीक दोरा फोमला सुरीसारखा चिरतो. वेढ्यांखाली डिंकाचा नव्हे, पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडावा.

शेवटी मागे लोंबता ठेवलेला तंगूस अणीच्या किंचित खालून पुढे आणून नाक्यामागे बांधला, की अणीपुढे एक कमान तयार होते. सगळे कसब या कमानीत आहे. ती फार ताठ झाली तर मरळीने तोंड मिटले तरी अणी उघडी पडत नाही, फार मऊ झाली तर गवताची पहिलीच काडी तिला वाकवते. अंगठ्याने दाबताच लवावी आणि सोडताच मूळ जागी यावी, इतकीच ती असावी. अशी माशी फेकण्यास महागडी परदेशी काठी हवीच असे नाही. लांब वेळूच्या काठीने ती गवतातील मोकळ्या जागेत अलगद उतरविता येते, आणि गवतावरून ओढली तरी निर्वेध परत येते.

तलावातील मासेमारी ही स्वतंत्र विद्या आहे, हे जाणून हेन्री सलिव्हन टॉमस या मुलकी अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ (१८७३) नंतर १८८७ साली केवळ तलावांवर दुसरा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे मात्र ही विद्या दुकानातील तयार गळाच्या पुडीत संपली, याचा मला खेद वाटतो. जो स्वतः माशी बांधतो, तो ती सहजासहजी पाण्यात तोडून देत नाही.

आपल्याकडील बहुतेक तलावांचे मक्ते मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, आणि पाण्यातील माशांवर पहिला हक्क त्यांचाच आहे. त्या संस्थांनी हौशी मंडळींना सरसकट मज्जाव न करता अल्प शुल्कात रीतसर परवाना द्यावा, आणि त्यात दोन अटी स्पष्ट नमूद कराव्यात: गळ गवतात न अडकणाराच असावा, आणि पिलांच्या थव्याची राखण करणारी मरळ हाती लागल्यास तत्काळ पाण्यात सोडावी. येत्या पावसाळ्यापूर्वी संस्थांच्या संचालकांनी ही तजवीज करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.