गाळणीचा खर्च कोणत्या सदरात?

९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, नेवासे तालुक्यातील वाकडी येथे शेणाच्या रबडीने भरलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढावयास एक माणूस उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा, अशी सहा माणसे आत गेली. पाच दगावली. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. जिल्ह्याचे नाव तेव्हा अहमदनगर होते, आता अहिल्यानगर झाले आहे; विहिरी मात्र त्याच आहेत.

अशा दुर्घटनेनंतर एक मागणी हटकून होते : तालुक्याच्या गावी श्वसनयंत्रे द्या. मागणी रास्त आहे, परंतु अर्धवट आहे. श्वसनयंत्र म्हणजे पाठीवरचे सिलिंडर आणि तोंडावरचा मुखवटा एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. त्या सिलिंडरात हवा कोण भरतो, कोठे भरतो आणि कशातून गाळून भरतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. उतरणाऱ्याचा जीव मात्र त्याच प्रश्नावर टांगलेला असतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. तोंडाला बांधावयाचा गाळणीचा मुखवटा बाहेरच्या हवेतील विषार काही मर्यादेपर्यंत अडवितो. तो प्राणवायू निर्माण करीत नाही. शेणाच्या खड्ड्यात मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड साठून प्राणवायूच हटलेला असतो, आणि सोबत हायड्रोजन सल्फाइड असतो. हा वायू आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजणारा मनुष्य तेथेच फसतो. अशा जागी बाहेरून आणलेली स्वच्छ हवाच हवी, मग ती सिलिंडरातली असो वा लांब नळीने पुरविलेली. नळीने पुरविताना जवळ सुटकेपुरते छोटे सिलिंडरही हवे, कारण नळी पिळवटली वा यंत्र थांबले तर वर येण्यास लागणारी मिनिटे कोणी उसनी देत नाही.

आता ही स्वच्छ हवा येते कोठून? काँप्रेसरमधून. गॅरेजमध्ये चाकात हवा भरणारा काँप्रेसर या कामाचा नव्हे. त्यातील वंगणाचे तेल तापले की त्याची वाफ हवेत मिसळते. यंत्र फारच तापले तर कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला ना रंग ना वास. श्वसनाच्या हवेसाठीच्या युरोपीय मानकात, क्रमांक १२०२१ मध्ये, या वायूची मर्यादा दहा लाख भागांत ५ भाग आणि तेलाची घनमीटरमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. म्हणून हवा भरताना ती आधी पाणी व तेल वेगळे करणाऱ्या भांड्यांतून, मग ओल शोषणाऱ्या दाण्यांतून आणि तेलाची वाफ धरून ठेवणाऱ्या सक्रिय कोळशातून जाते. कार्बन मोनॉक्साइडसाठी हॉपकॅलाइट नावाचे मिश्रण असते. मँगनीज व तांबे यांच्या ऑक्साइडांचे हे मिश्रण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झाले. ते त्या विषाचे रूपांतर कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये करते. पण ओल लागताच निकामी होते. म्हणजे आधीचे दाणे भिजले की पुढची तटबंदी आपोआप ढासळते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

येथे आपल्या हवामानाचा संबंध येतो. संपृक्त हवेच्या एका घनमीटरात २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते, ४० अंशांना सुमारे ५१. थंड प्रदेशातील कारखानदाराने गाळणीवर छापलेले आयुष्य नगरच्या वैशाखात तसेच्या तसे मोजणे म्हणजे आत्मवंचना होय. आणि आपल्याकडे विहिरींतला गाळ काढण्याचा हंगाम नेमका तोच. त्यासाठी विहिरीत डिझेल इंजिन उतरविण्याची पद्धत हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत. हवा ओढणारे तोंड जनित्राच्या व वाहनांच्या धुरापासून दूर आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूस असावे. साठलेले पाणी यंत्र चालू असताना ठरल्या वेळाने सोडावे. गाळणी मोहोरबंद वेष्टनातून काढल्याची तारीख आणि यंत्र चालल्याचे तास वहीत लिहावेत. गाळणीचे भांडे उघडण्यापूर्वी आतील दाब पूर्ण उतरवावा. हे न केल्यास झाकण तोफगोळ्यासारखे सुटते. भरलेली हवा रंग बदलणाऱ्या काचनळीने तपासावी. आणि कारखान्यातील इतर वायूंच्या नळ्यांना श्वसनाच्या नळीचे तोंड बसूच नये, अशी जोडणी असावी. नत्रवायूच्या नळीला चुकून मुखवटा जोडला तर चूक सुधारण्यास माणूस शिल्लक राहत नाही.

मग हे होत का नाही? उत्तर अर्थशास्त्राचे आहे. यंत्र ही भांडवली खरेदी; तिला मंजुरी मिळते, हार मिळतो, छायाचित्र मिळते. गाळणी हा आवर्ती खर्च. त्याला फक्त कात्री मिळते. शिवाय चांगल्या गाळणीचा लाभ दिसत नाही : ती असताना काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याबद्दल कोणाला बढती मिळाल्याचे ऐकिवात नाही. कायद्यानेही यादीच दिली. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याखालील नियमांत नळीची श्वसनयंत्रे व काँप्रेसर यांचा उल्लेख आहे. गटारात मृत्यू आल्यास ३० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. परंतु शेतकऱ्याचा शेणखड्डा या गटाराच्या व्याख्येत बसत नाही. ३० लाखांच्या शेजारी गाळण्यांचे वर्षाचे बिल ठेवून पाहण्याइतकाही हिशेब आपण करीत नाही.

प्रत्येक नगरपालिकेने स्वतंत्र काँप्रेसर घ्यावा, असे मी म्हणणार नाही. तो वर्षभर धूळ खात पडेल आणि आणीबाणीच्या दिवशी त्याची गाळणी ओली निघेल. जे यंत्र अधूनमधूनच लागते ते वाटून वापरावे, हे तत्त्व या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच विचारावर. आज ज्या कारखान्यांकडे आसवनी आहे, त्यांच्याकडे बंदिस्त टाक्या आहेत, यंत्रज्ञ आहेत आणि स्वतःच्या कामगारांपुरती तरी ही गरज आहेच. अशा एखाद्या कारखान्याच्या आवारात दोन-तीन तालुक्यांसाठी हवा भरण्याचे एक केंद्र चालवावे, वही तेथील एका नावानिशी जबाबदार माणसाकडे असावी, आणि जिल्हा परिषद व नगरपालिकांनी वर्गणी द्यावी. सहा लिटरचे, ३०० बार दाबाचे सिलिंडर कष्टाच्या कामात जेमतेम अर्धा-पाऊण तास पुरते. तेव्हा भरलेली जादा सिलिंडरे तालुक्याच्या अग्निशामक केंद्रात ठेवावी लागतील आणि रिकामी परत पाठविण्याची गाडी ठरवावी लागेल.

अंदाजपत्रके मार्चमध्ये मंजूर होतात. गाळण्यांची मागणी मात्र त्याआधी, फेब्रुवारीतच नोंदवावी लागेल, कारण एप्रिल उजाडताच लोक विहिरींत उतरू लागतात.